ओसाकासाठी घेतलेला स्वेटर
ओसाकाला चार दिवस एकटीनंच जायचं ठरवलं आणि कपाटातून आईचा मरून स्वेटर काढला, तेव्हा डांबरगोळ्यांच्या वासासोबत चाकणची ती संध्याकाळ समोर आली. आई महाळुंग्याच्या एका जपानी कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडायची. ट्रेनिंगसाठी ओसाकाला पाठवायला तिचं नाव निघालं होतं, म्हणून शिफ्ट सुटल्यावर युनिफॉर्मवरच ती मला घेऊन स्वेटर आणायला निघाली. चौकात कंटेनरची रांग, डिझेलचा धूर, त्यात हातगाडीवरच्या भज्यांचा वास. त्या सगळ्या गोंधळात आई रस्त्याच्या कडेला थांबली, बोट ताणून तिनं उजवीकडे दाखवलं, मग डावीकडे, मग समोर, आणि म्हणाली, "चल गं." कंपनीच्या आवारात रस्ता ओलांडताना प्रत्येकाला असंच करावं लागायचं. "आई, लोक बघतायत," मी कुजबुजले. "बघू दे की. तिकडं समदी असंच करत्यात म्हणं. जाऊन बघते आता, खरं हाय का न्हाई." दुकानात तिनं एक साइज मोठा स्वेटर मागितला, आतून अजून एक घालता यावा म्हणून. तिची बॅच पुढच्या वर्षावर गेली आणि ते पुढचं वर्ष काही आलंच नाही. मग आईही राहिली नाही. आज वाकडच्या फ्लॅटमध्ये तो स्वेटर मांडीवर घेऊन मी फोनवर हॉटेलपासून स्टेशनपर्यंतचा रस्ता बघत होते. फोटोत झेब्रा क्रॉसिंग आलं तसं माझं बोट आपोआप उठलं, उजवीकडे, डावीकडे, समोर. आणि मी तशीच थांबून राहिले, कुणीतरी "चल गं" म्हणेल म्हणून.