आधी स्वतःच्या नाकावर

सोयाबीनच्या धुळीनं आईला शिंका सुरू झाल्या, की थांबायच्या नाहीत. दवाखान्यातल्या गोळीनं झोप यायची, आणि मळणीयंत्रापाशी पेंगून कसं चालेल? दोन दिवस कामावर गेली, की तिसऱ्या दिवशी घरी. घर चालायचं तिच्याच रोजावर. मी घरातला पहिला पदवीधर, हे अभिमानानं सांगतो, पण या शिंकांवरचा इलाज माझ्या पुस्तकांत नव्हता.

आमच्या तेर गावातले पिठाच्या गिरणीवाले चाचाही तसेच शिंकणारे. बोलताना मधेच बोट वर करायचे, तीन शिंका द्यायचे आणि वाक्य तिथूनच पुढं न्यायचे. गिऱ्हाईक सांगेल तो इलाज करायचे, पण दुसऱ्याला सांगण्याआधी आठ दिवस स्वतःच्या नाकावर. ओव्याची पुरचुंडी हुंगली, नाकात तूप सोडलं. मोहरीच्या तेलानं तर दिवसभर गिरणी बंद राहिली.

"भाभी, ते तेवढं करू नगा," ते आईला म्हणाले. "म्या लई रडलोय."

एकदा बघतो तर चाचा गिरणीमागं वाकून, चहाची किटली नाकाला लावून उभे. उकळून निववलेलं मिठाचं पाणी एका नाकपुडीतून आत, दुसरीतून बाहेर. दळणाला आलेल्या बाया पदराआड हसत होत्या, आईही त्यांच्यात होती.

"भाई, कपबशी आणू का?" आईनं विचारलं.

"हसा! आठ दिवसांत शिंका निम्म्यावर आल्यात." नाक पुसत चाचांनी पिशवीतून नवी कोरी किटली काढली. "ही तुमची. माझी उष्टी झाली."

आई रोज मळणीवरून आली, की आधी किटली घ्यायची. ती सगळी सुगी तिनं एकही खाडा न करता काढली.