ढोल बांधण्याआधीची गोळी

मी डॉक्टर नाही, लेखकही नाही. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. आजारपणावर मी काही लिहावं हा आगाऊपणाच वाटतो, म्हणून आधीच माफी मागतो. पण ढोलपथकात वाजवणारी माझ्या वयाची पुष्कळ मुलंमुली आहेत. निदान त्यांनी तरी हे वाचावं.

"तुझं क्रिएटिनिन दोन पूर्णांक चार आलंय," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला एक टाकाऊ पदार्थ. किडनी तो लघवीवाटे बाहेर टाकते. रक्तात तो वाढला, म्हणजे किडनीचं काम मंदावलं. माझ्या वयाला तो एकच्या आसपास हवा. मी तर फक्त कंबरदुखीची गोळी मागायला गेलो होतो.

दोन वर्षं मी नाशिकच्या एका पथकात ढोल वाजवतोय. ढोल कमरेला बांधून चार-पाच तास चालायचं असतं. तासाभरात कंबर भरून येते, उजवा खांदा जळायला लागतो. म्हणून मिरवणुकीआधी दुखण्याच्या गोळ्यांची स्ट्रिप हातोहात फिरते. तिला आम्ही 'प्रसाद' म्हणतो. आमचा पथकप्रमुख संदीपदादा रांगेतून विचारत जातो, "प्रसाद घेतला का रे सगळ्यांनी? नंतर माझ्याकडं कण्हत यायचं नाय!"

आणखी एक रीत आहे. वाजवायच्या दिवशी सकाळपासून पाणी प्यायचं नाही. लघवीसाठी ढोल सोडला की रांग मोडते, आणि मग वर्षभर चेष्टा होते.

यंदा सरावालाही मी रोज गोळी घ्यायला लागलो. मग एकीने भागेना. फेब्रुवारीतल्या मिरवणुकीत दिवसभरात चार घेतल्या, पाणी जवळजवळ नाहीच. दुसऱ्या दिवशी मळमळत होतं, लघवी थोडी आणि गडद. उन्हाचा त्रास असेल असं समजलो. काळजी होती ती पाडव्याच्या मिरवणुकीची. म्हणून मॅडमकडे गेलो.

"दुखायच्या आधीच घेता येईल अशी स्ट्राँग गोळी द्या ना."

"आत्तापर्यंत काय घेतलंस?"

"कधीतरी एखादी."

"कधीतरी म्हणजे? खरं सांग, मी काही तुझे मार्क कापणार नाहीये."

मी बोटांवर मोजत सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "काल लघवीला किती वेळा गेलास?"

"एकदा." त्यांच्या नजरेला नजर देववली नाही.

गोळी मिळाली नाही, रक्ततपासणीची चिठ्ठी मिळाली. रिपोर्ट आल्यावर त्यांनी मला दाखल करून घेतलं. निदान होतं अक्यूट किडनी इन्ज्युरी, म्हणजे किडनीला अचानक झालेली इजा. "या गोळ्यांनी किडनीचा रक्तपुरवठा कमी होतो. त्यात तू पाणीही तोडलंस," मॅडम म्हणाल्या.

आई पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये द्राक्षं निवडते. ती तशीच कामावरून आली. आमच्या घरात इंग्रजी कागद मीच वाचतो. रिपोर्ट हातात धरून मी तिला म्हणालो, "काही नाही, अंगातलं पाणी कमी झालंय." हे अर्धंच खरं होतं.

सलाईन बदलताना सिस्टर सहज म्हणाल्या, "किडनीचा पेशंट तुमचाच ना?" त्या गेल्या. मग आई म्हणाली, "आमाला वाचता येत नाय म्हनून? तुला शिकवलं ते आमाला येड्यात काढायला का?"

मग ती पाण्याचा ग्लास भरून पुढे धरत राहिली.

सोनोग्राफी झाली. किडन्यांचा आकार ठीक होता. तीन दिवसांनी क्रिएटिनिन दोनवर आलं आणि मला घरी सोडलं. आठवड्याने पुन्हा तपासलं, तरी दोनच. मॅडम म्हणाल्या, "एवढ्यात अजून उतरायला हवं होतं. दहा दिवसांनी पुन्हा तपासू. तेव्हाही नाही उतरलं, तर नेफ्रॉलॉजिस्टकडे पाठवेन." नेफ्रॉलॉजिस्ट म्हणजे किडनीचे डॉक्टर. तिथे कदाचित बायोप्सी करावी लागेल, म्हणजे सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं.

ते दहा दिवस फार लांबले. एसटीने कॉलेजला जायचो, यायचो, झोपायचो. बाटलीवर रेघा मारून पाणी प्यायचो. दमायला काही कारण नसताना दमलेलो असायचो. आई रोज संध्याकाळी विचारायची, "आज लघवी साफ झाली का?" एकोणिसाव्या वर्षी आईला याचं उत्तर द्यावं लागतं, आणि मी दिलं.

पाडव्याच्या सकाळी संदीपदादाचा फोन आला. "तुझा ढोल दुसऱ्याला बांधतोय. वाईट वाटून घेऊ नको." मी बरं म्हणालो. मग तो म्हणाला, "ते गोळीचं न् पाण्याचं डॉक्टर काय म्हनल्या ते परत सांग. स्पीकरवर टाकलाय, सगळी पोरं उभी हायत."

मी अडखळत सांगितलं. मागून कुणीतरी ओरडलं, "मंग आता मुतायला थांबायचं का?" सगळे हसले. दादा म्हणाला, "थांबायचं. रांग मोडली तर मोडली." त्याचा मी आभारी आहे. मॅडमचाही, कारण त्यांनी मी मागितलेली गोळी दिली नाही.

आज दुपारी प्रॅक्टिकल संपल्यावर रिपोर्ट मोबाईलवर आला. मी उघडला नाही. आधी आईला फोन लावला, ती पॅकहाऊसच्या दाराशी येईपर्यंत थांबलो, आणि मग उघडला.

"काय लिवलंय? जसं हाय तसं वाच."

"एक पूर्णांक एक."

"म्हंजी?"

"म्हंजी उतरलं, आई. किडनी बरी झाली."