झिबिब्बोच्या साठ ओळी

हेमचंद्र आरवाडे चहाच्या कपावर बशी पालथी घालून ठेवत. वाळू पडू नये म्हणून. घरचं पत्र आलं की आधी हात धूत. रेडिओवरच्या बातम्या उभे राहून ऐकत. समोरचा हिंदीत बोलला तरी मराठीत उत्तर देत आणि त्याला ते कळे. छाटणीच्या कात्रीला, सिकेटरला, रोज संध्याकाळी खोबरेल लावत. वेलीजवळून जाताना काडी अंगठ्यानं दाबून बघत. शिवी देताना आवाज खाली आणत. आणि ज्याच्यावर राग असे त्याला जास्त वेळा ‘साहेब’ म्हणत.

मी हर्णैचा. मराठी साहित्यात बी.ए. केलं आणि सौदीत, अल खर्जजवळच्या एका फार्मवर हजेरी लिहिणारा कारकून झालो. पोर्टा केबिनमध्ये दोन खाटा होत्या. दुसरी आरवाडेंची. सगळे त्यांना अण्णा म्हणत. ते मला मास्तर म्हणत.

“साहित्य म्हणजे काय करायचं असतं रं मास्तर?” पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं.

“वाचायचं असतं, अण्णा.”

“आणि मग?”

मी हजेरीचं पुस्तक उघडलं. ते हसले. “बरं, हजेरी तरी नीट लिही.”

अण्णा तासगावचे. चौदाव्या वर्षापासून द्राक्षबागेत. हा फार्म मुख्यतः गाईंचा होता, पण मालकानं मागच्या बाजूला द्राक्षं लावायचं मनावर घेतलं होतं. त्यासाठी इटलीहून साल्वो नावाचा माणूस आणला होता. तो पान्तेल्लेरिया नावाच्या बेटावरचा. सिसिली आणि आफ्रिका यांच्या मधलं बेट. काळा दगड, पाऊस कमी, वारा बाराही महिने. तिथं वेल मांडवावर चढवत नाहीत. जमिनीत खळगा करतात आणि वेल त्यात झुडपासारखी वाढवतात. वारा वरून जातो, वेल खाली बसून राहते. द्राक्षाचं नाव झिबिब्बो. टपोरं, पिवळसर, अत्तरासारखा वास. तिथं ते दगडावर वाळवून गोड वाईन करतात. इथं वाईनचं नाव काढायची सोय नव्हती. इथं खायची द्राक्षं आणि मनुका.

साल्वोनं साठ ओळी लावल्या. दर ओळीत चाळीस खळगे. खळगे अण्णांनी खणून घेतले. पण छाटणी साल्वो स्वतः करी. तीन हिवाळे त्यानं सिकेटर कुणाच्या हातात दिलं नाही. प्रत्येक काडी आखूड, एका डोळ्यावर कापायचा. डोळा म्हणजे जिथून फूट येते तो काडीवरचा उंचवटा.

“पोरवयात वेल आखूडच कापायची असते,” अण्णा मला म्हणाले. “अंग धरायला. आमच्याकडंबी तसंच. फळाच्या वर्षाला मात्र काडी लांब ठेवायची. घड वरच्या डोळ्यात असतोय.”

नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकची फौज कुवेतमध्ये शिरली. साल्वो सप्टेंबरात गेला. जाताना अण्णांना काहीतरी सांगत होता, हातानं कात्रीसारखं करून. अण्णा मान डोलवत होते. “कळलं रं बाबा,” म्हणाले. नंतर मला म्हणाले, “हा आता मला छाटणी शिकवणार.”

नोव्हेंबरात पत्र आलं. अण्णांच्या बायकोच्या, श्यामलाकाकींच्या, पोटात गाठ होती. मिरजेला ऑपरेशन ठरलं होतं. अण्णांनी हात धुतले, पत्र वाचलं, परत हात धुतले आणि ऑफिसात गेले. मी हजेरीचं पुस्तक घेऊन तिथंच होतो.

आमचे मॅनेजर कारखानीस. पुण्याचे, शेतकी कॉलेजचे. सगळ्यांचे पासपोर्ट त्यांच्या कपाटात. सही त्यांची झाली की मगच कफील, म्हणजे आमच्या व्हिसाचा जामीनदार, घरी जाऊन परत यायच्या एक्झिट री-एंट्रीच्या कागदाला हात लावी.

“दोन आठवडे द्या साहेब.”

“आरवाडे, युद्ध येतंय. ऑगस्टपासून सुट्टीवर गेलेला एक तरी परत आलाय का?”

“मी येतो साहेब.”

“पुढच्या उन्हाळ्यात पहिलं पीक. मालक स्वतः बघायला येणार. छाटणी जवळ आली. द्राक्षांना सांगू का, थांबा म्हणून? यांच्या बायकोला बरं नाही?”

टायपिस्ट हसला. साहेब हसले म्हणून.

अण्णा तीन वेळा गेले. तिसऱ्या वेळी कारखानीसांनी दाराकडे बोट दाखवलं. “खलास.”

डिसेंबरच्या चार तारखेला तार आली. श्यामलाकाकी ऑपरेशनच्या टेबलावरच गेल्या होत्या. अण्णांनी तार घडी करून खिशात ठेवली. रडले नाहीत. मला म्हणाले, “मास्तर, ह्या माणसाला मी मालकासमोर भिकारी करणार. साठ ओळी आणि एक मणी न्हाई.”

मला वाटलं, दुःखात माणूस बोलतो.

जानेवारीत युद्ध सुरू झालं. रियाधवर इराकची स्कड क्षेपणास्त्रं पडू लागली. आम्हाला गॅसचे मुखवटे मिळाले. खिडक्यांना प्लॅस्टिक आणि चिकटपट्टी. अर्धे मजूर जिद्दाकडे पळाले. कारखानीसही बायकोला घेऊन मक्क्याच्या रस्त्यावर, ताइफला गेले. जाताना म्हणाले, “आरवाडे, छाटणी तुमच्यावर सोपवतो. साल्वो करायचा तशी.”

“अगदी तशीच करतो साहेब.”

अण्णा खरंच बोलत होते. तासगावात वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलची खरड छाटणी एका डोळ्यावर, तिच्यानंतर नुसती काडी वाढते, फळ नाही. ऑक्टोबरची लांब छाटणी, तिच्यानंतर घड. फळाच्या वर्षी सगळी बाग एका डोळ्यावर खरडून टाकली तर पान येईल, काडी येईल, घड येणार नाही. आणि कुणाला बोट ठेवता येणार नाही. साल्वो तर आखूडच कापायचा.

डोक्यावरून विमानं जात. कमरेला मुखवटा लटकवून अण्णा खळग्यात बसत आणि कापत. मी मागून काड्या गोळा करी. त्यांना इतकं शांत मी कधी पाहिलं नव्हतं. ते वेलीशी बोलत.

“हितनं. आणि हितनं. वांझ राहा गं बाई एक वर्ष. तुझा दोष न्हाई.”

मी म्हणालो, “अण्णा, वेलीनं काय केलंय?”

“श्यामलानं काय केलं होतं?”

मी काड्या उचलल्या. मला वाईट वाटत नव्हतं. हे लिहायला हवं. मला बरं वाटत होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी युद्ध संपलं. कारखानीस परत आले, ताइफची थंडी सोसून थोडे गोरे झालेले. मार्चमध्ये वेली फुटल्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अण्णांनी मला हाक मारली. ते नवव्या ओळीत एका खळग्यात गुडघे टेकून बसले होते. पानं बाजूला करून धरली होती.

पानांखाली घड होते. कोवळे, हिरवे, मोहरीएवढ्या कळ्यांचे. प्रत्येक फुटीवर दोन. बुडाच्या डोळ्यातून आलेले.

“हे आपल्या तासगावचं थॉमसन द्राक्ष न्हाई,” अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला. “हे बेणं बुडातनं घड देतंय. म्हणून तो इटालियन आखूड कापायचा. तो मला तेच सांगत होता.”

“म्हणजे?”

“म्हणजे मी त्या कारखानिसाची बाग भरून दिली.”

त्यांनी शेजारचा खळगा पाहिला. मग पुढचा. दहाव्या वेलीनंतर उठले आणि केबिनमध्ये जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. सकाळचे अकरा वाजले होते.

त्याच आठवड्यात कारखानीस बाग बघून आले. “वा, आरवाडे! साल्वोची गरजच नव्हती. मालकांना सांगतो, माझ्या देखरेखीखाली असं पीक आलं.”

“सांगा साहेब.”

दुसऱ्या दिवसापासून अण्णा घड कापू लागले. बारा ते तीन ऑफिस बंद असे, सगळे झोपत. त्या वेळात. पहिल्या ओळीपासून. खळग्यात वाकायचं, पानांखाली हात घालायचा, घड कापून तिथंच मातीत दाबायचा. वरून काही दिसत नसे. रस्त्यावरून बाग तशीच हिरवी. साल्वोची पद्धत इथं अण्णांच्या कामी आली. दिवसाला आठ ओळी होत. मी म्हणालो, मदत करतो. त्यांनी माझ्या हातावर सिकेटरच्या मुठीनं मारलं.

“हे माझं आहे. तू हजेरी लिही.”

सहाव्या दिवशी मालक कळवल्याशिवाय आला. जेवण करून कारखानिसांना घेऊन सरळ बागेत. मी धावलो, पण ते आधीच पहिल्या ओळीत होते. कारखानिसांनी पानं बाजूला केली. काही नाही. दुसऱ्या ओळीत काही नाही. त्यांचं तोंड पांढरं पडत गेलं. मालक मागून चालत होता. बेचाळिसाव्या ओळीत अण्णा उकिडवे बसले होते. हातात घड.

कारखानीस मराठीत बोलले, तोंडावर हसू ठेवून, कारण मालक बघत होता. “हे काय करताय?”

“घड काढतोय साहेब.”

“वेड लागलंय का?”

“नोव्हेंबरात पासपोर्ट मागितला होता साहेब.”

 कारखानीस मालकाकडे वळून अरबीत बोलू लागले. भराभर. इटलीची पद्धत आहे. पहिल्या पिकाला काही ओळींना विश्रांती द्यायची. पुढच्या वर्षी दुप्पट. आणि ते मालकाला त्रेचाळिसाव्या ओळीत घेऊन गेले. पानं उघडली. घडच घड. मालकानं ‘माशाल्ला’ म्हणून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

अण्णा उभे राहून बघत होते. त्यांचा चेहरा मी पाहिला. तो मला अजून नीट सांगता येत नाही.

अण्णा मालकाशी काही बोलण्याआधीच कारखानिसांना सगळं उरकायचं होतं. कपाट उघडलं, पासपोर्ट निघाला, कफीलच्या माणसानं कागद केला. फायनल एक्झिट, परत न येण्याचा. चार तासांत. नोव्हेंबरात जे दोन आठवड्यांसाठीही होत नव्हतं, ते.

पिकअप दारात उभी होती. ड्रायव्हर “यल्ला, यल्ला” म्हणत घाई करत होता. अण्णांनी माझ्या खांद्याला धरून जवळ ओढलं.

“मास्तर, एकोणीस राहिल्या. बेचाळिसावीत तेरा वेली झाल्यात. चौदावीपासनं धर.”

गाडी गेली. मी हो म्हणालो की नाही, आठवत नाही. बागेत गेलो. बेचाळिसाव्या ओळीतल्या चौदाव्या वेलीचे तीन घड मातीत पडले होते. सात अजून वेलीवर होते. मी खळग्यात उतरून पानांखाली हात घातला.