वॉल गळतोय

मी अमेरिकेला निघालो तेव्हा वडील बार्शीच्या एसटी स्टँडवर जेमतेम दहा मिनिटं थांबले. गाडी सुटायच्या आधीच त्यांनी सायकलला टांग मारली. "पाणी सोडायची वेळ झाली. पोचलास की पत्र टाक," एवढंच म्हणाले. ते नगरपालिकेत वॉलमन. व्हॉल्व्हला आमच्याकडे सगळे वॉलच म्हणत. गल्लीगल्लीचा वॉल लांब चावीने उघडायचा नि मिटायचा, हे त्यांचं काम. मुलगा सातासमुद्रापार निघालाय आणि यांना पेठेतल्या पाण्याची पडलीय, याचा राग मुंबई येईपर्यंत मी चघळत होतो.

पुढे तिकडच्या पिस्कॅटवे गावात नोकरी लागली, लग्न झालं, सुनंदा आली. जुनंपुराणं घर घेतलं. पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात आमची मुलगी नऊ दिवसांची होती. बाहेर ढोपरभर बर्फ, आणि नेमका तिच्याच खोलीतल्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह गळायला लागला. बॉयलरचं गरम पाणी त्या लोखंडी धुडातून फिरायचं, तीच खोलीची ऊब.

मी प्लंबरच्या दुकानात फोन लावला. घाबरलो की माझ्या तोंडून बार्शीच बाहेर पडते. "माय वॉल इज लीकिंग!"

"विच वॉल, सर?"

"बेडरूम वॉल!"

त्या बाईंनी भल्या मनाने निरोप पुढे धाडला आणि तासाभरात प्लास्टरची बादली घेऊन एक गृहस्थ हजर झाले. त्यांनी चारी भिंतींवर टकटक केलं, "युवर वॉल्स आर फाइन," म्हणाले आणि निघून गेले. सुनंदा पोट धरून हसली. हसता हसता रडायला लागली, कारण बाळाचे हात गार लागत होते.

मग खरा प्लंबर आला. म्हणाला, सगळी सिस्टिम ड्रेन करावी लागेल, दोन दिवस हीट बंद. नऊ दिवसांच्या पोरीला घेऊन जायचं कुठे? जवळ ना आई, ना सासू, ना कुणी मावशी. इतका एकटा मी कधीच नव्हतो.

शेजारी फ्रँक राहायचे, बॉयलर दुरुस्तीतून रिटायर झालेले. तोवर आमचं नातं हाय-बायपुरतं. दारात येणाऱ्या गाड्या पाहून ते चौकशीला आले. "ड्रेन? नो, नो," म्हणाले आणि आधी सुनंदाला नि बाळाला आपल्या घरी उबेत नेऊन बसवलं. मग बॉयलर बंद करून पाणी निवू दिलं. आमच्या माळ्यावर याच पाण्याची एक उघडी टाकी होती. तिच्या तळातल्या पाइपाला नि हवेच्या नळीला त्यांनी घट्ट बुचं मारली. वरून हवा शिरली नाही की खालून पाणी पडत नाही, औषधाच्या ड्रॉपरसारखं.

जुना व्हॉल्व्ह निघताच पाणी उसळलं. पाइपावर अंगठा दाबायचं काम माझं. हात ओला झाला म्हणून सोडायचा नसतो, असं वडील सांगायचे. मी सोडला नाही. ताटलीभर पाणी सांडलं आणि थांबलं. फ्रँकनी नवा व्हॉल्व्ह बसवला, बुचं काढली, बॉयलर लावला. जेवणवेळेपर्यंत मुलगी आपल्या खोलीत मोजे भिरकावून झोपली होती. माझे डोळे भरून आले. कुणी वेळेवर येणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं, आणि वडिलांवरचा राग कुठल्या कुठे गेला.

आज ती चार वर्षांची आहे. फ्रँकच्या मांडीवर बसून त्यांनाच दमात घेते. मित्र म्हणतात, आता तरी मोठं घर घे यार. शेजार सोडवत नाही, हे त्यांना कसं सांगू?

तेव्हा मी वडिलांना चार पानं लिहिली होती. त्यांचं उत्तर अर्ध्या पानाचं आलं: "पाणी न सोडता वॉल बदलला, हे वाचून चकित झालो. त्या गृहस्थांना माझा नमस्कार सांग. आणखी एक. आजवर तू पत्रात 'इथली जागा' लिहायचास. या खेपेला 'आमचं घर' लिहिलं आहेस. तुझी आई मघापासून तेवढीच ओळ वाचते आहे."