सदतीस सेकंदांची अरबी

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या त्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायला गेलो, तेव्हा पहिले काही दिवस मला वाटत होतं की खाली घरमालकीणबाईंकडे कुणी पाहुणा उतरलाय. रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास जिन्यात एका पुरुषाचा आवाज यायचा. भरभर बोलणं, मध्येच खाकरणं, मग मोकळं हसणं. भाषा कळायची नाही. हसणं संपलं की घर गप्प.

एकदा पाण्याच्या मोटारीचं विचारायला खाली गेलो आणि सहज म्हणालो, "पाहुणे बरेच दिवस राहिले."

"कोण पाहुणे?"

"ते बोलतात ना, संध्याकाळी."

"ते आमचे हे," कावेरीअक्का म्हणाल्या. "जाऊन दोन वर्षं झाली."

अक्कांचं घराणं शहाजीराजांच्या काळापासून बेंगळुरूचं. वडील चामराजपेटेत संस्कृत शिकवायचे. अक्कांनी विमा कंपनीत एकतीस वर्षं नोकरी केली. नवरा श्रीवत्स शारजाला, एका शीतगृहात कूलिंगच्या यंत्रांवर मेकॅनिक. एकोणीस वर्षं. वर्षातून एकदा यायचा, रोज फोन करायचा, आणि फोनवर मराठी, कन्नड सोडून तिसऱ्या भाषेतला शब्द नाही. एका फेब्रुवारीत झोपेतच गेला. कंपनीच्या पत्रात 'अचानक' असं होतं. सामानाबरोबर त्याचा फोन आला. त्यात सैफ नावाच्या माणसाला पाठवलेले दीडशेच्या वर आवाजी निरोप होते, सगळे अरबीत.

"एकोणीस वर्षांत मला म्हणाला नाही, मला अरबी येते," अक्का म्हणाल्या. "आणि एवढा हसायचा तिकडे. इथे आला की नुसता झोपायचा."

शेवटचा निरोप सदतीस सेकंदांचा, मरणाच्या तीन दिवस आधीचा. तोच त्या रोज लावायच्या. त्यात काय आहे ते त्यांना हवं होतं. खरं तर एकच गोष्ट हवी होती: त्याला आधी काही होत होतं का, आणि होत असेल तर आपल्याला का कळलं नाही.

मी एका स्टार्टअपमध्ये आवाजाच्या फायलींवरच काम करतो. "अक्का, एका मिनिटात भाषांतर करून देतो."

"नको. माझ्या नवऱ्याचं शेवटचं बोलणं माझ्या आधी कुणी ऐकायचं नाही. यंत्रानंही नाही. मी शिकेन."

"मग सैफना विचारा."

"काय विचारू? आधी मला कळू दे, मग विचारीन. तू मला पुस्तक घेऊन दे. आणि तो आवाज स्वल्प सावकाश करून दे, एवढंच."

शनिवारी आम्ही इथल्या शिवाजीनगरला पुस्तकांच्या दुकानात गेलो. दुकानदार काउंटरमागे चहा पीत होता.

"कौन सी अरबी होना, अम्मा? पढ़ने की, अखबार की, या गल्फ में बोलने की?"

"असली," अक्का म्हणाल्या.

"असली बोले तो ये." त्यानं तीन जाड भाग समोर ठेवले. "पर इसमें चाय माँगे तो लोगां हँसते." मग एक पातळ पुस्तक वर ठेवलं. "ये लेव. टॅक्सी, बाज़ार, सब है."

अक्कांनी पातळ पुस्तक उघडलं. "यात व्याकरणच नाही."

"व्याकरण आदमी मरने के बाद भी सीख सकता," तो म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं.

अक्कांनी तिन्ही जाड भाग घेतले. वडिलांच्या घरात भाषा अशीच शिकत: आधी धातू, मग रूपं, बोलणं शेवटी. बोलीपासून सुरुवात म्हणजे मागच्या दारानं घरात शिरणं.

त्या संध्याकाळी मी फाइल सावकाश करायला घेतली. आणि सवयीनं ती आवाज ओळखून भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅममधून गेली. सवयीनं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. पडद्यावर मोडकंतोडकं आलं, पण पुरेसं होतं. छाती. उद्या दवाखाना. घरी सांगू नको.

मी पडद्यावरची ती खिडकी बंद केली. खाली अक्का अक्षरं गिरवत होत्या.

आणखी एक गोष्ट मला लगेच कळली होती. श्रीवत्स बोलत होता ती आखाती बोली. त्या तीन भागांमधून अक्का तिथपर्यंत कधीच पोचल्या नसत्या. मी बोललो नाही. उलट प्रत्येक पाठ संपला की शाबास म्हणायचो. मला वाटायचं, जाड पुस्तक त्यांना त्या निरोपापासून सांभाळतंय. पण सहा वाजले की मी हेडफोन लावायला लागलो. तरी तो आवाज यायचाच, कारण आता त्यातलं मला कळत होतं.

सात महिन्यांनी दोन भाग झाले. अक्का मुळाक्षरांच्या पुढे जाऊन छोट्या गोष्टी वाचत होत्या. एक दिवस त्यांनी मला हाक मारली.

"आज मी परीक्षा घेतली स्वतःची. सदतीस सेकंदांत मला 'आणि' कळलं. बस्स." त्यांनी पुस्तक मिटलं. "दुकानदार बरोबर होता. ते पातळ पुस्तक आण."

मिळालं नाही म्हणायचं, असं ठरवूनच मी गेलो. पण मी तोंड उघडण्याआधीच दुकानदारानं ते काढून समोर ठेवलं. "अम्मा का ना? मालूम था."

नव्या पुस्तकाला अक्कांनी नावं ठेवली. "नुसतं, टॅक्सी थांबव, साखर कमी. ही काय भाषा झाली?" पण तिसऱ्याच पाठात त्या थांबल्या. जाड पुस्तकात 'उद्या'ला 'गदन' होतं, इथे 'बाचर'.

"ध्रुव, हे तो दोनदा म्हणतो."

त्यांनी एक वही केली. कानाला येईल तसा निरोप देवनागरीत लिहून खाली रेघा मारल्या. शब्द कळला की रेघेवर मराठी. कोड्याचं उत्तर मला माहीत होतं आणि ते माझ्यासमोर कुणी सोडवत होतं. आठवड्याला दोन रेघा भरायच्या, कधी एकही नाही. 'छाती' भरली त्या दिवशी अक्का जेवल्या नाहीत.

रविवारी सकाळी वही पूर्ण झाली.

'सैफ, कालपासून छातीत जड वाटतंय. उद्या दवाखान्यात जातो, उद्या नक्की. घरी सांगू नको. ती लगेच विमानात बसेल.' मग हसणं.

"बसलेच असते," अक्का म्हणाल्या. बराच वेळ त्या वहीवरून हात फिरवत राहिल्या. "हे हसणं मी रोज ऐकत होते. मला वाटायचं, विनोद केलाय."

मग त्यांनी पातळ पुस्तकाची पानं उलटली. नळ दुरुस्त करणाऱ्यावर रागावायचा एक पाठ होता, त्यात त्यांना हवं ते वाक्य सापडलं: तुम्ही मला का सांगितलं नाही. सैफला पाठवायचं म्हणून त्या घोकायला लागल्या. "लेश मा गिल्त ली. लेश मा गिल्त ली." समोर मी बसलो होतो, म्हणून माझ्याकडे बघून म्हणत होत्या.

"अक्का, मला माहीत होतं."

त्या थांबल्या.

"फाइल सावकाश करताना मी यंत्राला ऐकवली. त्याच दिवशी."

"कोणत्या दिवशी?"

"पहिली पुस्तकं आणली त्या दिवशी."

त्यांनी बोटांवर महिने मोजले नाहीत. नुसतं विचारलं, "आणि जाड पुस्तकातून येणार नाही, हेही?"

"हो."

"सैफला त्यानं सांगितलं होतं, बोलू नको म्हणून. तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"सरी," अक्का म्हणाल्या. कन्नडमधलं 'ठीक आहे'; रागानं नाही, विमा कंपनीच्या काउंटरवरचं एक काम संपल्यावर म्हणत असतील तसं.

त्यांनी पुस्तकातली आणखी दोन पानं चाळली, वहीत एक नवं वाक्य जुळवलं, आणि फोन तोंडाजवळ धरला. सांगितलं का नाही, हे त्यांनी सैफला विचारलं नाही. रोजचे पाठ ऐकून मला समजलं ते एवढंच: 'मी श्रीवत्सची बायको. तो आणखी काय काय बोलायचा?'

थोड्या वेळानं फोन वाजला. उत्तर आलं होतं, आवाजी, चार मिनिटांचं. अक्कांनी ते उघडलं नाही. वही समोर ओढली, नव्या पानावर रेघा मारल्या.

"ध्रुव," त्या म्हणाल्या, "तू आता वर जा."