सात नंबरच्या बेडची बेल

"एका ओळीचं काम आहे," गिरीश म्हणाला. "अलार्म सिस्टिम व्यवस्थित चालू होती असं लिही, सही कर, विषय संपला."

गिरीश माझा मॅनेजर. आमचं ऑफिस अंधेरी पूर्वेला. आम्ही हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. आयसीयूत प्रत्येक बेडपाशी मॉनिटर असतो. त्या सगळ्यांचे आकडे नर्सच्या टेबलावरच्या एका मोठ्या स्क्रीनवर आणायचे आणि कुठे बिघडलं तर बेल वाजवायची, एवढं आमच्या सॉफ्टवेअरचं काम. मुलुंडच्या एका हॉस्पिटलात ते बसवलेलं होतं. तिथे भर दुपारी सात नंबरच्या बेडवरच्या आजोबांचा ऑक्सिजन उतरला आणि ते गेले. ड्यूटीवर सिस्टर परब होत्या. शेजारच्या पेशंटला इंजेक्शन देऊन त्या वळल्या तेव्हा आजोबा निळे पडले होते. त्यांचं म्हणणं, बेल वेळेवर वाजलीच नाही, सगळी धावपळ सुरू झाल्यावर वाजली. सॉफ्टवेअरची हिस्टरी, म्हणजे अलार्मची नोंदवही, मात्र सांगत होती, की अलार्म वेळेवर आला.

सिस्टरना सस्पेंड केलं होतं. माझ्या त्या एका ओळीवर त्यांची नोकरी जाणार होती.

माझा स्वभाव मुळात तिरका. न बघता सही कर म्हटलं की माझं डोकं फिरतं. "आधी बघते," मी म्हटलं.

"अगं, सपोर्टवाल्यांनी तिथे जाऊन डेमो दिलाय. डॉक्टर, मेट्रन, ती सिस्टर, सगळ्यांसमोर. दर वेळी बेल वाजली. तू वेगळं काय बघणार, मेधा?"

"डेमोत लॉगिंग चालू होतं?"

"असणारच ना. पुरावा नको?"

मग त्या डेमोला काही अर्थ नव्हता. का, ते जरा समजावून सांगते.

प्रोग्राम एकाच वेळी अनेक कामं करत असतो. त्यातल्या प्रत्येक कामकऱ्याला आम्ही थ्रेड म्हणतो. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये दर बेडला एक थ्रेड. सगळ्यांना लिहायचं असतं एकाच फळ्यावर, म्हणजे त्या मोठ्या स्क्रीनवर. दोघांनी एकदम लिहिलं तर गिचमिड होईल, म्हणून खडू एकच ठेवलेला. ज्याच्या हातात खडू त्याने लिहायचं, बाकीच्यांनी थांबायचं. या खडूला आमच्या भाषेत लॉक म्हणतात. खडू कुणाला कधी मिळेल हे आम्ही ठरवत नाही. त्यासाठी तयार लायब्ररी असते, म्हणजे दुसऱ्याच कुणी लिहून ठेवलेला कोड. आमच्यासारखे असंख्य लोक तो वापरतात. लायब्ररीची नवी आवृत्ती आली की काय बदललं त्याची यादीही सोबत येते.

आणि लॉगिंग म्हणजे प्रत्येक थ्रेडने आपण काय केलं ते लगेच फाइलमध्ये लिहून ठेवणं. त्याने सगळेच जरा मंदावतात, म्हणून एरवी हॉस्पिटलात ते बंद ठेवलेलं असतं. थ्रेडचे घोटाळे असे बेरकी असतात, की सगळे मंदावले की ते गायब होतात. घरात पाहुणे आले की पोरं कशी गुणी होतात, तसं. बघायला गेलात की सगळं ठीक.

मी ऑफिसात तो वॉर्ड मांडला. हॉस्पिटलात होते तसेच दोन-तीन नव्या पद्धतीचे मॉनिटर, हृदयाची अख्खी लाट सतत पाठवणारे. आणि एक जुना, अधूनमधून एखादा आकडा देणारा. सात नंबरवर जुना होता. लॉगिंग बंद केलं आणि सातचा ऑक्सिजन खाली आणला.

स्क्रीनवर आधीचाच आकडा, ठणठणीत. मी बघत बसले. चहा आणायला गेले, परत आले, तरी तोच आकडा. चहा अर्धा झाल्यावर बेल वाजली.

लॉगिंग चालू करून पुन्हा केलं. बेल लगेच.

गिरीशला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "परत कर." परत केलं. तो खुर्चीत बसला. "वाट लागली," एवढंच म्हणाला.

कारण सापडायला फार शोधावं लागलं नाही, आणि राग आला तो त्याचाच. काही महिन्यांपूर्वी आम्ही लायब्ररीची नवी आवृत्ती घेतली होती. जुन्या आवृत्तीत प्रोग्राम मधूनच कोसळायचा, ते तिच्यात दुरुस्त झालं होतं. पण बदलांच्या यादीत आणखी एक ओळ होती: लॉकचा वेग वाढवला आहे, यापुढे थांबणाऱ्यांना क्रमाने लॉक मिळेलच असं नाही. पूर्वी जो आधी आला त्याला आधी खडू मिळे. आता जो हाताशी असेल त्याला. रांगेतला थ्रेड डुलकी घेत असतो, त्याला जागं व्हायला क्षणभर लागतो. तेवढ्यात ज्याने खडू ठेवला तोच तो परत उचलतो. बहुतेक प्रोग्राममध्ये त्याने काम झपाट्याने होतं, काही बिघडत नाही. आमच्याकडे बळी तो कान पिळी झालं. नवे मॉनिटर भराभरा लिहीत राहिले आणि सात नंबर पडलेला ऑक्सिजन हातात धरून मागे उभा राहिला. आकडा फळ्यावर पडेपर्यंत बेल वाजणार नव्हती.

वर हिस्टरीत वेळ पडायची ती मशीनने आकडा दिल्याची, बेल वाजल्याची नव्हे. वड्याचं तेल असं वांग्यावर निघालं.

ती ओळ आमच्या ऑफिसात कुणीच वाचली नव्हती. नव्या आवृत्तीची टेस्टिंग झाली होती, सगळं पास झालं होतं. टेस्टिंग अर्थातच लॉगिंग चालू ठेवून.

दुरुस्ती किरकोळ होती. अलार्मने खडूची वाट बघायचीच नाही, त्याला वेगळा रस्ता द्यायचा. ती मी त्याच दिवशी केली. भांडण झालं ते हॉस्पिटलला पाठवायच्या पत्रावरून.

"लायब्ररीत बग होता, चूक त्यांची, असं लिहू," गिरीश म्हणाला.

"बग नाही तो. त्यांनी सांगून केलंय. आपण वाचलं नाही."

"असं लिहिलं तर केस होईल, मेधा. इथे एवढी माणसं काम करतात, त्यांचं काय?"

"आणि त्या बाईचं?"

गिरीश वाईट माणूस नाही. माझा रिपोर्ट त्याने दाबला नाही, वर पाठवला. पण वरून जे पत्र हॉस्पिटलला गेलं त्यात एकच वाक्य कामाचं होतं: अलार्मला विलंब झाल्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही. मी त्यावर सही केली नाही. ती दुसऱ्याने केली. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीबरोबर आमचीही यादी गेली. तिच्यात माझ्या दुरुस्तीचं नाव होतं, 'किरकोळ सुधारणा'.

हॉस्पिटलने सिस्टरना संशयाचा फायदा देऊन परत बोलावलं. त्या गेल्या नाहीत.

रविवारी मी त्यांच्या घरी गेले, नाहूरला. कंपनीला विचारलं नाही. सिस्टर पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या. त्यांनी पाणी दिलं आणि समोर बसल्या.

"संशय माझ्यावरच, आणि फायदाही मलाच," त्या म्हणाल्या. "कशाला जाऊ परत?"

मी त्यांना सगळं सांगितलं. फळा, खडू, सात नंबर. मग आत वळून नवऱ्याला ओरडून म्हणाल्या, "आयकलात? बेल तेवा वाजाकच नाय!"

त्या माझ्याकडे वळल्या. "ती वाजली असती तर वाचले असते का ते?"

"ते मला नाही सांगता येणार, सिस्टर. पण तुम्ही पोचला असतात."

"पोचलेच असते." त्यांनी डोळे पुसले. "डेमोत बेल वाजली, पुन्हा वाजली, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. तेव्हा मलाच वाटायला लागलं, आपल्या कानांना काहीतरी झालंय. इतकी वर्षं वॉर्डात काढली मी, पण कानांवरचा विश्वासच गेला."

तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. त्या उठल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या.

"झाली ना?" त्यांनी विचारलं.

"झाली," मी म्हटलं.

मग त्या गॅस बंद करायला गेल्या. मला तिथे बसवेना.

आता लायब्ररीच्या बदलांची यादी मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. आणि बेल वाजली नाही असं कुणी म्हणालं, तर आधी लॉगिंग बंद करून बघते, माणसावर संशय नंतर घेते.