न खोचता येणारं पांघरूण

हॉटेलांतल्या त्या पांढऱ्या जाडजूड दुलईवर माझा पहिल्यापासून राग आहे. हॉटेलवाले तिला ड्युवेट म्हणतात. म्हणोत बापडे. पलंगभर पसरलेली असते, आणि अंगावर घ्यावी तर पाय उघडे तरी राहतात नाहीतर घामाने भिजतात. मधलं काही नाही. चादर आणि कांबळं असलं की माणसाला काहीतरी करता येतं. थंडी वाजली तर कांबळं ओढावं, उकडलं तर चादरीवर भागवावं. दुलईपुढे एक तर शरण जायचं, नाहीतर तिला लाथेनं खाली ढकलायचं.

आमची तिची पहिली गाठ शिर्डीला पडली. घरातलं लग्न होतं आणि मुलाकडच्यांनी हॉटेलात खोल्या घेतल्या होत्या. एका खोलीत मी, बायको आणि माझे वडील, म्हणजे अण्णा. शेजारच्या खोलीत तिसगावचे काका. सकाळी काका डोक्याला मफलर गुंडाळून आमच्या दारात उभे. "गादी लई ब्येस हाय," म्हणाले, "गादीवर अजून एक मऊ गादी टाकलीय. पर पांघराया कायबी न्हाई ठिवलं. रातभर कुडकुडलो." दुलई अंथरलेली आहे, म्हणजे ते अंथरूणच असणार, असं समजून ते तिच्यावर झोपले होते आणि वरून एसी सुरू. आम्ही पोट धरधरून हसलो. काकाही हसले, शिंकत शिंकत.

अण्णांनी मात्र वेगळाच घोळ घातला. हॉटेल सोडायच्या आधी त्यांनी पलंग घालायला घेतला. विस्कटलेला पलंग तसाच सोडून त्यांना जाता येईना. अण्णांची सगळी नोकरी भिंगारला, छावणीतल्या बिछान्यांच्या भांडारात गेली. सैनिक नव्हते, पण पलंग सैनिकांसारखा घालत. गादीवर ताणलेली चादर, पांघरायला दुसरी, तिच्यावर कांबळं. पायाकडून सगळं गादीखाली खोचायचं, कोपरे तिरके दुमडायचे, बाजू दाबायच्या, आणि उशाकडे चादरीची पट्टी कांबळ्यावर उलटवायची. आत शिरायचं ते वरून, उशीकडून. लहानपणी आम्ही भावंडं करंजीतल्या सारणासारखी झोपायचो. शेजारीपाजारी सकाळी अंथरुणं गुंडाळून कोनाड्यात ठेवत, आणि आमचे पलंग अण्णांच्या तळहाताची वाट बघत. कांबळ्यावरून हात फिरवून ते सुरकुती शोधायचे. सापडली की सगळं उपसून पुन्हा.

त्या शिर्डीच्या खोलीत त्यांनी दुलई चारी बाजूंनी गादीखाली कोंबली. इकडून दाबली की तिकडून फुगून बाहेर. घामाघूम झाले, पण घातला पलंग. तेवढ्यात सफाईच्या बाई आल्या, आणि त्यांनी अण्णांच्या डोळ्यांदेखत एका हिसक्यात सगळं ओढून जमिनीवर टाकलं. खोळ धुवायची होती. गाडीत बसल्यावर अण्णा एवढंच म्हणाले, "खोळ धुतील. आतलं कोण धुतं?"

माझ्या बायकोला मात्र दुलई आवडली. ती शाळेत शिकवते, सकाळची तिची घाई मी रोज बघतो. एक झटका दिला की पलंग आवरला, याहून मोठं सुख तिला कुणी दिलेलं नव्हतं. सावेडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये दुलया आल्या. मी कुरकुरलो. माझ्या कुरकुरीला आमच्या घरात किती किंमत आहे, हे मला ठाऊक आहे.

पुढे आई गेली, आणि अण्णा भिंगारचं घर बंद करून आमच्याकडे राहायला आले. त्यांच्या खोलीतही दुलईच होती. नगरची थंडी, म्हाताऱ्या माणसाला ऊब हवी, हे बायकोचं म्हणणं चूक नव्हतंच.

रोज सकाळी अण्णा त्या दुलईशी झुंजायचे. पायाकडून कोंबायचे, मग उशाकडे यायचे, तोवर पायाकडचं निसटलेलं असायचं. पलंगाभोवती फेऱ्या मारायचे. "ही काय वस्तू आहे!" असं ओरडणं ऐकू यायचं. चहा गार व्हायचा. मी घालून देतो म्हटलं तर हात झटकायचे. मी चोरून घातला तर उपसून टाकायचे. हळूहळू ओरडणं थांबलं. मग ते नुसतेच पलंगाच्या कडेला बसून राहू लागले, हातात दुलईचं टोक धरून. हाक मारली तरी उठत नसत. आंघोळ नको, पेपर नको. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात न आवरलेल्या पलंगाजवळ चहा घेतला नाही, तो दुपारपर्यंत तिथंच.

माझं निदान तयार होतं. या दुलईनं माझ्या बापाचा रोजचा एक विजय हिरावून घेतला. तो परत दिला की अण्णा परत येतील. यावर माझा खरोखर विश्वास होता, आणि मी तो सगळ्या घराला ऐकवत होतो. बायको एकदा हळूच म्हणाली, "अहो, दुलईचं नसेल काही. डॉक्टरांना दाखवू या." मी तिच्या अंगावर धावून गेल्यासारखा बोललो. ज्यांना सोय हवी असते त्यांना माणूस दिसत नाही, असं काहीतरी.

एका रविवारी मी भिंगारला गेलो. बंद घराचं कुलूप उघडलं, ट्रंकेतून जुनं राखाडी कांबळं आणि दोन जाड चादरी काढल्या. कांबळ्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता. दिवसभर गॅलरीत ऊन दाखवलं. मी इतका खुशीत होतो की बायकोलाही हसू आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती दुलई गुंडाळून कपाटावर फेकली, गादीवर चादर ताणली आणि म्हणालो, "अण्णा, या. पलंग घालू."

अण्णा उठले. कांबळं बघितल्याबरोबर त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी ते नाकाशी नेलं, त्यावरून तळहात फिरवला. मी विजयी मुद्रेनं दाराकडे पाहिलं. बायको चहाचा कप घेऊन उभी होती.

दोघांनी मिळून दुसरी चादर आणि तिच्यावर कांबळं पसरलं. अण्णा पायाकडे गेले, कांबळ्याची कड हातात घेतली आणि थांबले. कड दुमडली, सोडली. पुन्हा उचलली. गादी थोडी वर केली, तिच्याखाली बघितलं, आणि ठेवून दिली. आठवेल, हातांना तरी आठवेल, असं मी मनात म्हणत राहिलो. ते माझ्याकडे बघून कसनुसं हसले. मी त्यांना असं हसताना कधीच पाहिलं नव्हतं.

"पुढं काय असतं रे?"

मला रडू यायला हवं होतं, पण आधी आला तो रागच, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. जिच्याशी मी इतके दिवस भांडलो, ती बिचारी कपाटावर गुंडाळून पडली होती. तिचा काडीचाही दोष नव्हता. बायकोनं कप टेबलावर ठेवला आणि ती आत निघून गेली. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

मी अण्णांजवळ गेलो. "आता हे गादीखाली खोचायचं," म्हणालो, "मग कोपरा तिरका दुमडायचा." हातानं करून दाखवलं. ज्यांनी मला शिकवलं त्यांनाच.

अण्णांनी मन लावून ऐकून घेतलं. मान हलवली. मग कांबळ्याची कड तशीच हातात धरून म्हणाले, "बरं. आणि आता काय करायचं?"